नागम्माची कमान

चाळीस-बेचाळीस वर्षं मी सुतारकी केली. एवढ्या काळात माझं खरं वैर एकाच गोष्टीशी होतं, लाकडाच्या वाकण्याशी. दाराची फळी वाकली की कडी कोयंड्यात बसत नाही. तिफणीची दांडी वाकली की पेरणीच्या ओळी वाकड्या जातात, आणि सारा गाव बांधावर उभा राहून सुताराचं नाव घेतो. म्हणून लाकूड दोन-दोन वर्षं सावलीत वाळवायचं, रंधा मारून मारून सरळ करायचं, आणि वर हात जोडायचे की बाबा, आता असाच राहा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. औरादच्या बाजारातला एक दुकानदार दर पावसाळ्यात मला बोलावून घ्यायचा आणि तक्रार करायचा की दार माझ्याशी भांडायलंय, उघडतच न्हाई. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दार आपोआप सुटं व्हायचं. मग तो म्हणायचा की माझा राग गेला तसा त्याचाबी गेला. एका म्हाताऱ्याने माझ्याकडून पाहुण्यांची बाज मुद्दाम वीतभर आखूड करून घेतली होती. जावई आला की मुक्काम लांबवतो, पाय बाहेर लोंबले की लवकर जाईल, असा त्याचा हिशेब. जावई बुटका निघाला, ती गोष्ट वेगळी.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो तेव्हा हाताशी आलं ते जे काम मला येत नव्हतं तेच. ते मला एका बाईने शिकवलं, आणि त्यानंतर लाकडाकडे बघण्याची माझी नजर पहिल्यासारखी राहिली नाही.

आमचं गाव चिंताकीपासून दोन कोसांवर. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही अजून हैदराबाद राज्यातच होतो. चावडीवरचे कागद उर्दूत, घरात मराठी, शेजारी कानडी, आणि औरादच्या बाजारात गेलं की तेलुगू. ॲक्शननंतर गावातल्या दोन्ही ठासणीच्या बंदुका तालुक्याला जमा झाल्या, त्या परत आल्या नाहीत. हे माणसांना कळायच्या आधी रानडुकरांना कळलं. भुईमूग भरायला लागला की कळपच्या कळप यायचे, आणि सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं.

गावची रानराखण पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे होती. त्या घरातला शेवटचा पुरुष रामण्णा. तो तिरकमठा, म्हणजे धनुष्यबाण, घेऊन हिंडायचा. आमच्याकडे कुणी धनुष्याला कमान म्हणायचं, आणि तो स्वतः कानडीत बिल्लु म्हणायचा. राखणीबद्दल सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला सुपानं धान्य मिळायचं. रामण्णा वारला, त्याला मुलगा नव्हता. मुलगी होती, नागम्मा. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने सडसडीत, आणि बोलणं मोजकं. बापाच्या मागे ती कमान घेऊन रानात जायला लागली. लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पाठीमागे सगळं म्हटलं.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर ती माझ्या कामाच्या जागी आली. कामाची जागा म्हणजे घरापुढचा ओटा आणि त्यावर एका कडुनिंबाची सावली. मी सत्तावीस वर्षांचा, वडील नुकतेच गेलेले, आणि हातात कसब आहे असं चार गावांत नाव झालेलं. त्या नावाची थोडी धुंदीही होती. तिने काखेतलं एक लांब फडकं काढलं आणि उलगडून माझ्यापुढे ठेवलं. आत बापाची कमान होती, दोन तुकड्यांत.

तिने सांगितलं ते असं. कमान जुनी झाली होती, ओढताना तुटली. पाटलांनी तिला स्वच्छ सांगितलंय की हत्याराशिवाय राखण कशी करायची. भुईमूग भरायच्या आत नवी कमान झाली तर ठीक, नाहीतर शेजारच्या गावातून कुत्रीवाला माणूस आणावा लागेल. पाटील वाईट नव्हते. त्यांचंही शेत होतं.

मी ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि मनात म्हटलं, एवढंच ना. चार हात लांब काठी, मध्ये जाड, टोकांना बारीक, दोन खाचा. मी बैलगाडीचं चाक करणारा माणूस. आठ दिवसांनी ये म्हणून मी तिला सांगितलं. तिला आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मी रंधा उचलला होता.

आठ दिवसांत मी जी कमान केली तशी देखणी वस्तू त्याआधी माझ्या हातून झाली नव्हती. वडिलांनी जपून ठेवलेली सागवानाची फळी होती, तिच्यातून करवतीने सरळ पट्टी कापली. चारी बाजूंनी रंधा मारला, टोकांना राघूच्या चोची कोरल्या, तेल पाजलं. बघायला लोक जमले. पाटीलही येता येता थांबले.

नागम्माने ती हातात घेतली. चोचींकडे बघितलंच नाही. कमानीची जी बाजू बाण मारताना पुढे असते तिला पाठ म्हणतात, आणि आपल्या छातीकडे असते ते पोट. तिने पाठीवरून एका टोकापासून बोट फिरवत आणलं आणि एका जागी थांबवलं.

“अण्णा, हितल्या शिरा कामून तोडलास?”

मी म्हटलं, तोडल्या न्हाईत अक्का, रंधून गुळगुळीत केल्यात.

“शीर तुटली की लाकूड तुटतंय,” ती म्हणाली. “हे ओढू नको.”

पाच-सहा माणसांपुढे बाईमाणसाने सुताराला लाकूड शिकवावं, हे मला झोंबलं. मी तिच्या हातातून कमान घेतली, गुडघा देऊन दोरी चढवली आणि तिथेच ओढली. हात अर्धासुद्धा मागे आला नसेल. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, वरचा तुकडा उडाला आणि बाजूला उभ्या असलेल्या नागम्माच्या भुवईवर बसला.

रक्त डोळ्यात उतरलं. कुणीतरी हळद आणायला धावलं. मी नुसता तुटक्या कमानीची मूठ धरून उभा. तिने पदराने डोळा दाबला, खाली वाकली, उडालेला तुकडा उचलला आणि मला दाखवला. तुटल्याची जागा तिचं बोट जिथे थांबलं होतं, नेमकी तीच. लाकडाच्या शिरा तिथे तिरक्या होऊन कडेतून बाहेर पडल्या होत्या. मी पट्टी सरळ कापली होती, पण लाकूड सरळ वाढलेलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुताराला शिरा कळतातच. पण दाराला ते चालतं, म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

ती मला एक शब्दही टाकून बोलली नाही. जखम बांधून घेतल्यावर म्हणाली की बाप लाकूड निवडायचा आणि मी बसून बघायची, खरवडायचं काम तेवढं तो मला द्यायचा. लाकूड मला दिसतंय, पण हत्यार माझ्या हातात बसत न्हाई. तुझ्या हातात हत्यार हाय. तू येशील का माझ्यासंगं डोंगराकडं?

मी गेलो. मान खाली घालूनच गेलो.

चैत्रातली सकाळ होती. गावापासून तीन कोसांवरच्या माळावर धामणीची झाडं होती. धामण म्हणजे ज्याच्या कावडी करतात, कुऱ्हाडीचे दांडे करतात, ते चिवट लाकूड. कानडीत तडसल म्हणतात. मला पहिलंच झाड पसंत पडलं. ती पुढे गेली. दुसरं, तिसरं, करत करत तिने अकरा झाडं सोडली. प्रत्येकाच्या सालीवर हात ठेवायची आणि वर बघायची. सालीवरच्या रेषा पीळ घेत वर गेल्या असतील तर आतल्या शिराही पीळ घेतात, हे तिने मला दाखवलं. एकटं मोकळ्यात वाढलेलं झाड तिला नको होतं, त्याला फांद्या फार आणि गाठी फार. बारावं झाड दहा झाडांच्या दाटीत उभं होतं. उजेडासाठी निमूट वर गेलेलं, मांडीएवढं जाड, पुरुषभर उंचीपर्यंत एकही फांदी नाही. तिने दोन्ही हात त्याला लावले आणि मला म्हणाली, हे.

पाडल्यावर मी सवयीने पिशवीतून सूत काढलं. दोरी ताणून लाकडावर रेघ मारायची आणि त्या रेघेने कापायचं, ही आमची पहिली शिकवण. ज्याच्या हाती सूत तो सुतार. नागम्माने माझ्या हातावर हात ठेवला.

“रेघ तू मारू नको. त्याची रेघ त्याच्या पोटात हाय. पाचर मार.”

मी ओंडक्याच्या तोंडाशी पाचर ठोकली. दुसरी ठोकली. ओंडका आतल्या आत कुरकुरला, आणि मग चीर पुढे निघाली. मी तिच्या मागे मागे पाचरी ठोकत गेलो. चीर सरळ गेली नाही. मध्यावर ती जराशी डावीकडे झुकली आणि पुन्हा सावरली, पाण्याची धार जमिनीचा उतार बघून वळते तशी. ओंडका उलगडून दोन झाला तेव्हा आत पांढऱ्या-पिवळ्या शिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसल्या. एकही तुटलेली नाही. मी इतकी वर्षं लाकूड कापत होतो, आणि लाकडाच्या आत काय असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ मी त्याच्यावरून हात फिरवत बसलो. ती पाचरी गोळा करत राहिली. तिला कळलं असावं.

लाकूड घरी आणून दोन्ही टोकांना शेणमातीचा लेप दिला, म्हणजे टोकं लवकर वाळून तडकत नाहीत. मग माळ्यावर ठेवलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण. मी रोज वर चढून बघायचो. बायको म्हणायची, अंडी घातल्यात का वर? नागम्मा मधल्या काळात एकदाच आली. लाकूड तळहातावर तोलून ‘अजून पाणी हाय’ म्हणाली आणि गेली.

भाद्रपद लागला. भुईमुगाला आऱ्या, म्हणजे शेंगांचे कोंब, धरायला लागल्या होत्या, आणि पाटलांचा माणूस दोनदा विचारून गेला होता. त्या आठवड्यात आम्ही कामाला हात घातला.

बाहेरच्या लोकांसाठी कमान करण्याचं काम थोडक्यात सांगतो. साल काढायची, पण सालीखालचा पहिला थर, तो जिवंत झाडाचा शेवटचा थर, त्याला हत्यार लावायचं नाही. तीच कमानीची पाठ. ओढताना सगळा ताण पाठीवर येतो, आणि सलग शिराच तो सहन करतात. म्हणून काढायचं ते सगळं पोटाच्या बाजूने. आधी वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या हत्याराने, तासून, मग रंध्याने, मग कानशीने, आणि शेवटी काचेने. काच म्हणजे कंदिलाची फुटकी काच. तिची कड इतकी बारीक खरवडते की रव्यासारखा भुगा निघतो. मधली मूठ जाड ठेवायची, ती वाकत नाही. वाकायचे ते दोन हात, वरचा आणि खालचा. आणि ते दोन्ही सारखे वाकले पाहिजेत. सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती संपत नाही.

माप नागम्माच्या शरीराचं घेतलं. उभी राहिल्यावर तिच्या भुवईपर्यंत लांबी. भुवईवर दोरी धरताना ती खूण माझ्या बोटांना लागली. मी नजर वळवली.

साल तिने स्वतः बोथट विळ्याने काढली, अर्धा दिवस लावून. वाकसाचं काम माझं. प्रत्येक घाव मी आधी दोनदा मोजायचो. दार चुकलं तर दुसरी फळी घेता येते. इथे दुसरी फळी म्हणजे पुन्हा चैत्र.

ढोबळ आकार आल्यावर मी भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकली, तिच्यावर कमानीची मूठ आडवी टेकवली, टोकांना लांब दोरी बांधली आणि दोरीचा मध्य खाली ओढता येईल अशी सोय केली. ती ओढायची, मी दहा पावलं मागे जाऊन बघायचो. मग मी ओढायचो आणि ती बघायची. पहिल्या दिवशी चार बोटं ओढली. डावा हात जागचा हलला नाही, सगळं वाकणं उजव्या हातात. मी म्हटलं, उजवा कच्चा हाय. ती म्हणाली, उजव्याला बोल लावू न्हाई, डाव्यावर वज्जं हाय ते उतरव.

ही गोष्ट मला पचायला दोन दिवस लागले. जिथे जास्त वाकतं तिथे काही करता येत नाही. जिथे वाकत नाही तिथेच काढायचं. काच दहा वेळा फिरवायची, मग तीस वेळा सावकाश ओढून सोडायची, कारण लाकडाला उशिरा कळतं. मग पुन्हा लांबून बघायचं. ती रोज सकाळी घरचं आवरून यायची, ओट्याच्या कडेला बसायची. गिऱ्हाइकं येऊन परत जायची. चार बोटांची एक वीत झाली, वितीची हातभर. आणि एका सकाळी मी ओढत असताना तिने मला थांबायला सांगितलं आणि ओढ मी धरते, तू बघ म्हणाली. मी मागे जाऊन वळलो तर खुंटीवरचं ते लाकूड लाकूड वाटेना. मुठीपासून दोन्हीकडे वाकण अशी उतरत गेली होती की नजर कुठे अडकेना. घार पंख पसरून वाऱ्यावर थांबते तेव्हा तिच्या पंखांना जशी ओढ असते तशी ती ओढ. माझ्या हातातलं काम असून मला त्याच्या जवळ जायची हिंमत होईना.

तिथेच थांबायला हवं होतं. ती गेल्यावर मला वरच्या हाताच्या मध्यावर एक जागा किंचित जाड वाटली. मी काच फिरवली. आणखी थोडी फिरवली. हाताला लय लागली की सुतार आंधळा होतो. दुपारी खुंटीवर ओढून बघितलं तर त्या जागी कमान कोपरासारखी मुडपली. थोडी, पण दिसण्याइतकी.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती आली तेव्हा मी आधीच सांगून टाकलं. पाटलांची मुदत, तिचं घर, सगळं मी एका काचेने खरवडलं होतं. तिने कमान ओढून बघितली, दोरी सोडली आणि खाली मांडीवर घेतली. मग म्हणाली की आता बाकीची सगळी कमान त्या जागेइतकी हलकी करायची. मी म्हटलं, मग तिच्यात जोर काय राहील, डुकराला काय गुदगुल्या करायच्या का.

“करवत आण,” ती म्हणाली. “दोन्हीकडून चार-चार बोटं काप. बाप म्हणायचा, चुकलं तर लांबी द्यावी, पाठ देऊ न्हाई.”

आखूड लाकूड वाकायला जड. लांबी कमी केली की गेलेला जोर बराचसा परत येतो. हे शाळेतल्या मास्तराला कागदावर मांडता आलं असतं. नागम्माने ते मांडीवर कमान ठेवून, माझी चूक बघितल्यावर अर्ध्या घटकेत ठरवलं. मी कापलं. पुढचे सहा दिवस बाकीचं सगळं त्या एका जागेच्या मापाला आणलं. या वेळी ती गेली की मी काच पेटीत ठेवून कुलूप लावायचो आणि किल्ली बायकोकडे द्यायचो.

दोरीसाठी मी महबूबचाचाकडे गेलो. चाचा आमच्या गावचा पिंजारी. कापूस पिंजायच्या त्याच्या मोठ्या धनुकलीला आतड्याची तात असते, तसली चिवट तात दुसऱ्या कुणाकडे नसायची. तो स्वतःच तीन ताती गळ्यात घालून आला. प्रत्येक ताणून, कानाशी धरून बोटाने छेडली, दोन बाजूला केल्या, तिसरी चढवली. मग कमानीवर छेडून बघितली. आवाज बारीक आणि लांब गेला. चाचा ऐकत राहिला.

“साठ बरस हो गये कमान बजाते,” तो म्हणाला. “कपास के सिवा किसी को मारा नै. ये तो सच्ची है रे काशिनाथ.” आणि नागम्माला बजावून गेला, “अक्का, तात को पानी नक्को लगने देना.”

पारिजातकाच्या खरखरीत पानांनी कमान घासली. जवसाचं तेल तळहाताने चोळून उन्हात ठेवलं, वाळलं की पुन्हा चोळलं, असं सहा दिवस. मुठीला सुती दोरा गुंडाळला. चोची वगैरे काही कोरलं नाही.

पाटलांपुढे तिने खळ्यावर कडब्याची पेंढी उभी करून बाण मारले. बाण वेळूचे, त्यांना बापाची लोखंडी फळं. पहिला बाण पेंढीच्या वरून गेला, दुसरा कडेला लागला, तिसरा मध्ये बसला. पाटील म्हणाले, बरं हाय, दिवाळीपर्यंत बघू. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मी मात्र पेंढीकडे बघितलंच नव्हतं, माझी नजर कमानीवर होती.

आश्विनात एके सकाळी मी चिंताकीला एक चौकट बसवायला निघालो होतो. हत्यारांची पिशवी खांद्यावर. पायवाट भुईमूग आणि उभ्या ज्वारीच्या मधून जाते. चांगलं लख्ख उजाडलं होतं. ज्वारीत खसफस झाली आणि पंधरा पावलांवर एक एकुलगा, कळप सोडून एकटा फिरणारा डुक्कर वाटेवर आला. सुळे दिसत होते. त्याच्या पलीकडे, तिरक्या अंगाने, बांधावर नागम्मा उभी. तिने त्याला शेतातून उठवलं होतं आणि तो नेमका माझ्या वाटेवर निघाला होता.

“अण्णा, हलू नको,” ती म्हणाली. ओरडली नाही. म्हणाली.

डुक्कर मान खाली घालून निघाला. तिने कमान उचलली आणि ओढली. मी ती कमान खुंटीवर शेकडो वेळा बघितली होती, बाजूने, मागून. समोरून, म्हणजे बाणाच्या टोकाच्या बाजूने, कधी बघितली नव्हती. डुक्कर अंगावर यायलाय, आणि मी बघतोय काय, तर वरचा हात आणि खालचा हात सारखे वाकल्यात का. ते सारखे होते. केसभराचा फरक नव्हता. त्या दोन हातांच्या बरोबर मधोमध तिचा चेहरा, आणि तो पूर्ण शांत. माझ्या आयुष्यात मी देवळात जाऊन जे मागितलं असेल, ते मला त्या घटकेला समोर दिसत होतं, आणि मला भीती वाटायची राहूनच गेली.

वाट जिथे जरा वळते तिथे डुकराची कूस तिच्याकडे झाली. तात वाजली. बाण त्याच्या खांद्याच्या फऱ्यामागे पिसापर्यंत शिरला. तो माझ्या पिंढरीला घासून पुढे गेला, ज्वारीत आठ-दहा धाटं मोडली, आणि गप झाला.

तिने आधी दोरी उतरवली, मग येऊन माझा पाय बघितला. नुसतं खरचटलं होतं. मी म्हटलं, अक्का, दोन्ही हात सारखे वाकायलेत. ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, व्हय, मला बी कळलं हातात.

पाटलांनी पुन्हा कुत्रीवाल्याचं नाव काढलं नाही. सुगीला खळ्याखळ्यावरून नागम्माच्या सुपात धान्य पडत राहिलं. पुढे राज्य मोडलं, आमचा तालुका म्हैसूरकडे गेला, कागद उर्दूचे कानडी झाले. तिची राखण चालू होती. मी नंतर हौसेने तीन कमानी केल्या. दोन तुटल्या, एक बरी झाली. पण तसं लाकूड मला पुन्हा दिसलं नाही, किंवा ते बघणारी माझ्याबरोबर नव्हती.

कामाच्या ओघात जे सगळ्यात मोठं शिकलो ते शेवटी सांगतो. सात-आठ वर्षांनी एकदा ती कमान घेऊन आली आणि म्हणाली, “अण्णा, माझं बळ थोडं उतरलंय. हिचं बी थोडं उतरव.” मी खुंटीवर लावून, लांबून बघून, दोन्ही हातांवरून सारखी काच फिरवली. पुन्हा काही वर्षांनी आली, पुन्हा तेवढंच काढलं. माणूस म्हातारं होतं तशी त्याच्या मापाची वस्तूही त्याच्याबरोबर उतरवत न्यायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दारं-खिडक्या तसं मागत नाहीत.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती साठीच्या पुढे होती. मी कमान हातात घेतली आणि माझ्या लक्षात आलं की आता आणखी एक पापुद्रा काढला तर ती कमान राहणार नाही. तिला तसं सांगवेना. मी पाठमोरा बसलो, काचेची बोथट बाजू हळूहळू फिरवत राहिलो, आवाज होईल एवढी. थोड्या वेळाने पुसून तिच्या हातात दिली. तिने उभं राहून ओढली. दंड थरथरला, पण दोरी छातीपर्यंत आली.

“हां,” ती म्हणाली. “आता बसली.”

मग तिने माझ्या पायाजवळ ओट्यावर बघितलं. भुगा कुठेच नव्हता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, कमान खांद्याला अडकवली आणि शेताकडे निघाली.